विहीर गावाची, माप कोणाचे?

आपल्या घरातल्या जुन्या बायका पाण्याची परीक्षा तुरीच्या डाळीने करत. डाळ मऊ शिजली की पाणी हलके, तासभर उकळूनही दाणा टणक राहिला की पाणी जड. काचीगुड्याच्या वाड्यातला आड असो, की लातूर-बीदरकडच्या गावची विहीर, ही परीक्षा सगळीकडे चाले. खारट पाणी जिभेला कळे, गढूळ डोळ्यांना, कुजके नाकाला. पाणी वाईट आहे हे ओळखायला कोणाच्या दाखल्याची गरज पडत नसे.

युरेनियम मिसळलेल्या पाण्याला यांतली एकही परीक्षा लागू पडत नाही. ते पाणी नितळ दिसू शकते, त्याला वास नसतो, आणि डाळ शिजण्याचा व त्याचा काही संबंध नाही. असे पाणी वर्षानुवर्षे पोटात गेले तर आधी मूत्रपिंडांवर परिणाम होतो, आणि तोही हळूहळू. हे दूषण फक्त प्रयोगशाळेतल्या यंत्राला कळते. म्हणून यंत्र कोणाच्या हातात आहे, नमुना कोणी घेतला आणि आकडा कोणाला सांगितला, हे प्रश्न पाण्याइतकेच महत्त्वाचे ठरतात. आज आम्हाला बोलायचे आहे ते याविषयी.

मंडळाच्या पत्रिकेत हा विषय कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आपल्या शहरातच आहे. आंध्रातील कडपा जिल्ह्यात पुलिवेंदुलाजवळ तुम्मलपल्ले येथे युरेनियमची खाण आहे. तिथल्या कारखान्यातून निघणारे युरेनियमचे संयुग आपल्या मौला अलीजवळच्या न्यूक्लिअर फ्युएल कॉम्प्लेक्समध्ये येते आणि तिथे त्याचे अणुभट्टीचे इंधन होते. १९७१ साली उभ्या राहिलेल्या त्या कारखान्यात आपल्या समाजातल्या अनेकांनी नोकरी केली, संसार उभे केले. त्याचा आम्हाला अभिमान आहे. पण इंधनाची सुरुवात ज्या गावांत होते, त्या गावांच्या बोअरच्या पाण्याचे काय झाले, हे विचारण्याची जबाबदारीही त्या अभिमानाबरोबर येते.

दुसरे कारण अधिक जवळचे आहे. २००४ पासून हैदराबादला कृष्णेचे पाणी मिळते ते नागार्जुनसागरच्या साठ्यातून. त्याच जलाशयाच्या काठाशी नलगोंडा जिल्ह्यात लंबापूर आणि पेद्दगट्टू येथे युरेनियमचे साठे आहेत. तिथे खाण काढण्याचा प्रस्ताव २००३ साली जोरात होता आणि लोकांनी त्याला कडाडून विरोध केला. २०१९ साली नल्लमलाच्या जंगलात, अमराबाद भागात, युरेनियमच्या शोधासाठी बोअर मारण्याची गोष्ट निघाली, तेव्हा सप्टेंबरमध्ये तेलंगण विधानसभेने विरोधाचा ठराव केला. आपल्यापैकी ज्यांचे आजोळ गुलबर्ग्याकडचे, त्यांना गोगी हे नाव ठाऊक असेल. निजामाच्या काळात एकाच राज्यात असलेले, आता यादगीर जिल्ह्यात गेलेले, भीमेच्या खोऱ्यातले ते गाव. तिथेही युरेनियम सापडले आहे. म्हणजे तुम्मलपल्लेत आज जो प्रश्न आहे, तो उद्या आपल्या अंगणात येऊ शकतो.

तुम्मलपल्लेत नेमके काय घडते ते समजून घेऊ. २००७ साली तिथे प्रकल्पाची पायाभरणी झाली आणि २०१२ च्या सुमारास कारखाना सुरू झाला. रोज ३,००० टन खनिज दळण्याची त्याची क्षमता. या खनिजात युरेनियमचे प्रमाण इतके कमी की एक टन दगडातून अर्धा किलोसुद्धा हाती लागत नाही. बाकी सगळा दगड पीठ होऊन, रसायनांच्या पाण्यासह, नळाने एका मोठ्या तलावात सोडला जातो. यालाच टेलिंग पाँड म्हणतात. आपण त्याला गाळतलाव म्हणू. युरेनियम काढून घेतले म्हणून हा गाळ निरुपद्रवी होत नाही. मूळ खनिजातली सुमारे ८५ टक्के किरणोत्सारिता त्यातच राहते, कारण थोरियम, रेडियम हे युरेनियमचे वंशज मागे उरतात. यातील रेडियमचे अर्धे आयुष्य १,६०० वर्षांचे आहे.

तुम्मलपल्लेचा दगड चुनखडीच्या जातीचा, डोलोमाइटयुक्त आहे. त्यावर आम्ल टाकले तर दगडच सगळे आम्ल पिऊन टाकील. म्हणून इथे सोडियम कार्बोनेट आणि बायकार्बोनेट वापरून, दाबाखाली, युरेनियम विरघळवतात. देशात ही पद्धत मोठ्या प्रमाणावर पहिल्यांदा इथेच वापरली गेली. तिची एक बाजू आपल्या विषयाला लागून आहे. कार्बोनेटच्या पाण्यात युरेनियम विरघळलेलेच राहते आणि पाणी जिकडे जाईल तिकडे जाते. शिवाय या पाण्यात सोडियम भरपूर असते. ज्यांनी शेती केली आहे त्यांना सांगायला नको की सोडियम जमिनीत उतरले की माती घट्ट होते, पाणी मुरत नाही आणि वर पांढरा थर धरतो.

गाळतलावाच्या आसपासच्या कोट्टाला, मब्बुचिंतलपल्ले वगैरे गावांतले शेतकरी नेमकी हीच तक्रार वर्षानुवर्षे करत आहेत. बोअरचे पाणी बिघडले, शेतात पांढरे फुटले, केळीच्या बागा बसल्या. त्यांचे म्हणणे असे की तलावाच्या तळाला जे अभेद्य अस्तर घालायचे ठरले होते, ते तसे घातलेच गेले नाही. २०१८ साली आंध्रच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाने कंपनीला नोटीसही बजावली. कंपनीचे म्हणणे याच्या उलट आहे. तळ चिकणमातीने बंद केला आहे, तलाव झिरपत नाही, आणि या भागाच्या भूजलात युरेनियम निसर्गतःच आहे, असे ती सांगते.

यात खरे कोण? आम्ही इथे बसून निकाल देणार नाही. कंपनीचे शेवटचे वाक्य तर थट्टेवारी नेण्याजोगे मुळीच नाही. जिथे युरेनियमचा साठा असतो, तिथल्या दगडातून ते विहिरीत उतरतेच. गोगीत व्यापारी खाण सुरू झालेली नसतानाही तिथल्या काही विहिरींत ते मर्यादेपेक्षा अधिक असल्याचे अभ्यासकांनी दाखवले आहे. खाणीचा गंध नसलेल्या पंजाब-राजस्थानच्या जिल्ह्यांतही हा त्रास आहे. पण ‘निसर्गाचे आहे’ हे उत्तर मान्य करायचे तर ते सिद्ध करता आले पाहिजे. आणि ते सिद्ध करण्याचे मार्ग शास्त्राकडे आहेत.

पहिला मार्ग सर्वांत सोपा आणि सर्वांत स्वस्त. खाण सुरू होण्यापूर्वी परिसरातली प्रत्येक विहीर आणि बोअर पावसाळ्याआधी व पावसाळ्यानंतर, निदान दोन वर्षे तपासून आकडे जाहीर लिहून ठेवणे. एकदा ही नोंद असली की पुढे वाद राहत नाही. जमिनीची मोजणी आधी झाली असेल तर बांधावरून भांडण लागत नाही, तसेच हे.

दुसरा मार्ग निरीक्षण विहिरींचा. गाळतलावाच्या वरच्या अंगाला काही, खालच्या अंगाला काही, वेगवेगळ्या खोलीच्या. भूजल वरून खाली वाहते. वरच्या विहिरी जशाच्या तशा आणि खालच्या बिघडत चालल्या, तर दोष कुठे आहे हे कळते. इथे केवळ युरेनियम मोजून भागत नाही. सल्फेट, सोडियम, क्लोराइड हे क्षार पाण्याबरोबर अधिक वेगाने पळतात. युरेनियम येण्याआधी ते येतात. चोराच्या आधी त्याच्या पावलांचा आवाज यावा, तसे. हे क्षार वाढताना दिसले तरी ‘युरेनियम मर्यादेत आहे’ म्हणून गप्प बसणे याला आम्ही देखरेख म्हणणार नाही.

तिसरा मार्ग युरेनियमच्या दोन जातींचे प्रमाण पाहण्याचा. २३४ आणि २३८ वजनाचे युरेनियम निसर्गात एकत्र असते. दगडातून शतकानुशतके हळूहळू पाण्यात उतरलेल्या युरेनियममध्ये २३४ ची किरणोत्सारिता बहुधा जास्त भरते. कारखान्यात दगड दळून रसायनाने एकदम विरघळवलेल्यात दोन्ही जवळजवळ सारखी असते. इतर कसोट्यांबरोबर हे प्रमाण पाहिले तर बोअरमधले युरेनियम निसर्गाचे की कारखान्याचे, याचा बऱ्यापैकी उलगडा होतो. अमेरिकेतल्या जुन्या खाणींच्या तंट्यांत ही तपासणी वापरली गेली आहे. तुम्मलपल्लेच्या वादग्रस्त बोअरवर ती त्रयस्थाकडून करून निकाल गावात का लावू नये?

त्रयस्थाकडून, हा शब्द आम्ही मुद्दाम वापरला. खाण चालवणारी कंपनी अणुऊर्जा विभागाची. खाणीवर पर्यावरणाचे नमुने तपासणारी प्रयोगशाळा भाभा अणु संशोधन केंद्राची, म्हणजे त्याच विभागाची. तिथल्या शास्त्रज्ञांच्या ज्ञानाबद्दल किंवा प्रामाणिकपणाबद्दल आम्हाला शंका नाही. त्यांच्यातले काही आपल्याच घरांतले आहेत. पण ज्याच्यावर आरोप, तोच पंच, ही रीत गावच्या पंचायतीतही चालत नाही. ऑस्ट्रेलियातल्या रेंजर खाणीसाठी तिथल्या सरकारने १९७८ साली कायदा करून कंपनीपासून वेगळा असा देखरेख-शास्त्रज्ञ नेमला. खाणीखालच्या ओढ्याचे पाणी तो स्वतः मोजत आला आणि आकडे लोकांपुढे ठेवत आला. त्यामुळे खाणीचे काम थांबले नाही. कंपनी आणि तिथले आदिवासी यांना भांडायला निदान एक समान कागद मिळाला.

मर्यादेचाही घोळ आपल्याकडे बराच काळ होता. आपल्या अणुऊर्जा नियामक मंडळाने २००४ साली पिण्याच्या पाण्यात दर लिटरला ६० मायक्रोग्रॅमपर्यंत युरेनियम चालेल असे ठरवले. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ पासून ३० चा आकडा दिला. २०२१ मध्ये भारतीय मानक ब्युरोने पिण्याच्या पाण्याच्या मानकात ३० हाच आकडा घातला. म्हणजे ४५ मायक्रोग्रॅमचे पाणी एका कागदावर चांगले आणि दुसऱ्यावर वाईट. गावकऱ्याला ‘मर्यादेत आहे’ एवढेच सांगितले तर त्याने कोणती मर्यादा समजायची? म्हणून आकडा सांगा, शेरा नको.

आता शुद्धीकरणाकडे येऊ. बिघडलेले भूजल साफ करता येते का? येते, पण किती वेळात आणि किती पैशांत, ते ऐकून ठेवावे. दूषित पाणी बोअरने उपसून वर आणायचे, रेझिनमधून किंवा आरओच्या पडद्यातून गाळायचे, आणि शुद्ध झालेले परत जमिनीत सोडायचे. झारखंडमधील जादुगुड्यात, जिथे १९६७ पासून युरेनियम काढले जाते, कारखान्याच्या सांडपाण्यातले रेडियम बेरियम क्लोराइड घालून आणि इतर धातू चुना घालून खाली बसवतात. काही ठिकाणी वाहत्या भूजलाच्या वाटेत लोखंडाच्या किसाची भिंत जमिनीत उभी करतात, म्हणजे युरेनियम तिथे अडते. या सगळ्या पद्धती काम करतात. पण काढलेले विष नाहीसे होत नाही. ते गाळ होऊन किंवा आरओचे टाकाऊ पाणी होऊन दुसरीकडे साठवावेच लागते. गावात आरओचे एक यंत्र बसवून फोटो काढले म्हणजे काम झाले, असे समजणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. गाईगुरे आणि केळीची बाग आरओचे पाणी पीत नाहीत.

अमेरिकेतील न्यू मेक्सिकोत मिलान गावाजवळ एक युरेनियमचा कारखाना १९५८ ते १९९० असा चालला. त्याच्या गाळाचे ढीग अस्तराविना उघड्या जमिनीवर घातलेले होते. शेजारच्या वस्त्यांच्या विहिरी बिघडल्या. १९७७ पासून तिथे पाणी उपसून साफ करण्याचे काम सुरू झाले. १९८३ साली ती जागा देशातल्या सर्वांत दूषित ठिकाणांच्या यादीत गेली. पुढे चाळीस वर्षांहून अधिक काळ उपसूनही तिथले भूजल पूर्ववत झाले नाही, आणि शेवटी वस्तीतली घरे विकत घेण्याची पाळी आली. कारखाना ३२ वर्षे चालला, त्याची सफाई त्याहून जास्त चालली. अस्तराचा खर्च वाचवला की तो असा वसूल होतो.

हे खासगी कंपनीचे झाले. सरकारी खाणीचे काय होते ते पूर्व जर्मनीत दिसले. तिथे विस्मुट या कंपनीने १९४६ पासून १९९० पर्यंत दोन लाख टनांहून अधिक युरेनियम काढून सोव्हिएत संघाला दिले. जर्मनी एक झाल्यावर खाणी बंद झाल्या आणि सफाईचा बोजा जर्मन करदात्यांवर आला. आतापर्यंत सहा अब्ज युरोंहून अधिक खर्च झाला आहे. ज्या खाणीतून आज एक किलोही युरेनियम निघत नाही, तिथे पाणी शुद्ध करण्याचे कारखाने अजून चालू आहेत.

यावरून आमचा मुद्दा एवढाच की खाणीचे आयुष्य आणि पाण्याचे आयुष्य वेगवेगळे आहे. खाण संपेल तेव्हा आजचे व्यवस्थापक निवृत्त झालेले असतील, मंत्री बदललेले असतील. गाव तिथेच असेल. म्हणून सफाईचे पैसे खाण कमावती असतानाच बाजूला काढून ठेवले पाहिजेत. रेंजर खाणीत सरकारने कंपनीकडून अशी अनामत ठेवून घेतली होती. २०२१ मध्ये तिथे खनिजप्रक्रिया बंद झाल्यावर सफाईचा अंदाज फुगत दोन अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरच्या पुढे गेला. अनामत असतानाही ही गत. जिथे ती नसेल तिथे काय होईल, ते सांगायला ज्योतिषी नको.

अशा वेळी आपल्याकडे पाऊल उलटे पडले आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने एक आदेश काढून अणुखनिजांच्या आणि इतर महत्त्वाच्या खनिजांच्या खाणींना जनसुनावणीतून सूट दिली. कारण दिले ते देशाच्या संरक्षणाचे आणि गरजेचे. जनसुनावणी म्हणजे काय, हे आपण जाणतो. मांडव, खुर्च्या, पोलीस, कंपनीचे तक्ते आणि आधीच ठरलेला निकाल. तरीही तेवढ्या एका दिवशी गावातली बाई उठून ‘माझ्या बोअरचे पाणी आधी मोजा आणि मग खणा’ असे कलेक्टरांच्या तोंडावर म्हणू शकत होती, आणि ते कागदावर येत होते. ती एक खिडकी होती. ती बंद झाली.

देशाला वीज हवी आणि कोळशाने हवा काळी होते, असे आमचे काही वाचक म्हणतील. खरे आहे. आम्ही अणुविजेच्या विरोधात नाही. तारापूर, कैगा या नावांशी मराठी माणसाचे नाते जुने आहे. देशाचे युरेनियम देशाने काढावे, हेही आम्हाला मान्य आहे. पण विहिरीतल्या सल्फेटचा आकडा जाहीर केल्याने कोणत्या शत्रूचा फायदा होतो, हे कोणी तरी समजावून सांगावे. अणुभट्टीचे रहस्य गुप्त असू द्या. हंड्यातल्या पाण्याचे रहस्य ज्याचा हंडा त्याच्यापासून लपवणे हे देशकार्य नव्हे.

म्हणून मंडळाने पुढील मागण्या खासदार-आमदारांपुढे मांडाव्यात असे आम्ही सुचवतो. एक, जिथे खाण नाही तिथे ती काढण्यापूर्वी दोन वर्षांची भूजलाची नोंद अणुऊर्जा विभागाबाहेरच्या संस्थेने, म्हणजे केंद्रीय भूजल मंडळाने किंवा विद्यापीठाने, करून प्रसिद्ध करावी. दोन, तुम्मलपल्लेत प्रत्येक नमुन्याचे दोन भाग गावकऱ्यांसमोर करावेत. एक कंपनीने तपासावा, दुसरा त्रयस्थाने. तीन, आकडे महिन्याच्या आत ग्रामपंचायतीच्या फळ्यावर, तिथल्या लोकांच्या तेलुगूत लागावेत. चार, खाणीनंतरच्या जलशुद्धीकरणासाठी स्वतंत्र निधी आजच बाजूला निघावा. पाच, जनसुनावणीची सूट रद्द व्हावी. आणि तंट्याचा निकाल लागेपर्यंत त्या गावांतल्या माणसांना व जनावरांना चांगले पाणी पुरवावे. दोष कोणाचा हे ठरण्याची वाट तहान पाहत नाही.

आपण या शहरात चार-पाच पिढ्या राहिलो. आपल्याला तेलुगू बोलता येते, दखनी कळते, आणि सरकारी इंग्रजी अहवाल वाचणारे निवृत्त इंजिनिअर, रसायनशास्त्राचे प्राध्यापक आपल्या प्रत्येक गल्लीत आहेत. पुलिवेंदुलाच्या शेतकऱ्याला असा अहवाल समजावून देणारा माणूस लाखमोलाचा असतो. मंडळाच्या पुढच्या सभेत हा ठराव येईल, तेव्हा ज्यांना असे वाचन करून देता येईल त्यांनी आपली नावे कार्यवाहांकडे द्यावीत.